तो डावीकडे का बघत होता

दिगू,

मंडळाच्या स्मरणिकेसाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, असं मला सांगितलं गेलं. चाळीस वर्षं मी तुझ्या सगळ्यात जवळचा होतो, असं लोक धरून चालतात. तू बसवलेली नाटकं, गणपतीतली धावपळ, तालमीत तुझं ते चप्पल काढून उगारणं, असं काहीतरी येईल अशी त्यांची अपेक्षा आहे. त्यातलं थोडं येईलही. पण मला जे लिहायचं आहे ते वेगळं आहे. ते तुला सांगायचं राहिलं, असं म्हणणार होतो. ते खोटं ठरेल. दीड वर्ष मी ते तुझ्यापासून लपवलं.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातही तू तेच विचारलंस. नाकाला नळी, बोलताना मधे थांबावं लागत होतं, तरी विचारलंस.

"अंत्या, कुशवाह डावीकडे का बघत होता रे? डावीकडे तर काहीच नव्हतं."

मी पाण्याचा पेला तुझ्या ओठांना लावला आणि म्हणालो, "बोलू नकोस, दम लागतो."

उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आपण आठवीत होतो. मंडळाच्या बालनाट्यात मला चार वाक्यांचा प्रधान दिला होता. मी विंगेतून बाहेर आलो, समोर लश्कर भागातली सगळी मराठी मंडळी बसलेली दिसली आणि चारही वाक्यं गेली. मी उभा राहिलो, मग रडलो, मग आत पळालो. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांनी "प्रधानजी, पाणी हवं का?" करत मला भंडावून सोडलं. तू त्यांच्यातला नव्हतास. संध्याकाळी नाटकाची वही घेऊन घरी आलास आणि म्हणालास, "तुझा आवाज हळू असला तरी पोचतो. तू विंगेत बस. आम्ही विसरलो की सांग." त्या दिवसापासून मी मंडळाचा प्रॉम्प्टर झालो. डावी विंग, मोडक्या पाठीची खुर्ची, मांडीवर वही. मला लोकांपुढे यायचं नव्हतं आणि लोकांतून उठायचंही नव्हतं. अशा माणसाला बसायला जागा तू दिलीस. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मित्रांचे कोण मानतं.

मग पुष्कळ वर्षांनी तूच मला त्या खुर्चीवरून उठवलंस. आठवतं ना? मंडळाचं सुवर्णवर्ष होतं, नाटक तू बसवत होतास आणि प्रयोगाच्या आठ दिवस आधी जाहीर केलंस की यंदा प्रॉम्प्टर नाही.

"का?" मी विचारलं.

"तू बसला आहेस हे ठाऊक असलं की कुणी पाठ करत नाही."

"आणि विसरला तर?"

"विसरू दे की. विसरल्यावर माणूस काय करतो, तेच तर बघायचंय."

"तुला बघायचंय. लाज त्याची जाते."

"जाऊ दे थोडी. लाजेनं कोणी मरत नाही यार."

प्रयोगात दुसऱ्या अंकात नायक अडकला. मी प्रेक्षकांत बसलो होतो, माझे ओठ हलत होते. शेवटी तो खुर्चीवर बसला, कपाळ पुसलं आणि वहीत नसलेलं एक वाक्य स्वतःच बोलून पुढे गेला. टाळ्या पडल्या. तू माझ्याकडे बघून भुवई उडवलीस. मी त्या दिवाळीला तुझ्या घरी फराळाला आलो नाही. नीलावहिनींनी डबा पाठवला, तो मी तसाच परत केला. हे भांडण आपण मिटवलं, पण संपवलं नाही. तुझं म्हणणं होतं की अडकलेल्या माणसाला अडकू द्यावं. माझं म्हणणं होतं की ज्याला उत्तर माहीत आहे त्यानं गप्प बसणं निर्दयपणा आहे. मी अजूनही पुरता तुझ्या बाजूला आलेलो नाही, दिगू. एवढं सगळं होऊनही.

तू नोकरी सोडून कारखान्यांत अपघाताच्या तालमी घ्यायचं काम सुरू केलंस तेव्हा आपल्या मंडळींना ते नीट कळलं नव्हतं. "दिगंबर आता कारखान्यात नाटकं बसवतो," असं लोक हसून सांगायचे. कारखान्यातले कामगारही तेच म्हणायचे, "आज साहब का नाटक है." तू त्याला तालीम म्हणायचास. "मॉक ड्रिलमध्ये माणसं पळतात," तू म्हणायचास, "माझ्या तालमीत ती ठरवतात." टेबलाभोवती आठ खुर्च्या. प्रत्येकाला एक पाकीट, पाकिटात त्याची भूमिका आणि त्याला जेवढं ठाऊक आहे तेवढंच. दर मिनिटाला तू एक कार्ड उलटायचास. वास येतोय. वारा फिरला. मालकाचा फोन आला. गेटवर कुणाची बायको ओरडतेय. आणि मधल्या खुर्चीवर बसलेल्या शिफ्ट इन्चार्जनं अर्धवट माहितीवर पाच मिनिटांत ठरवायचं. मग सगळ्यांनी बसून बोलायचं, कोणाला कधी भीती वाटली ते.

आमच्या दूध प्लांटमध्ये तुला मीच आणलं. थंड करायच्या यंत्रात अमोनिया असतो, विषारी वायू. तो फुटला तर पहिली दोन-तीन मिनिटं काय करता त्यावर सगळं असतं. सायरन द्यायचा, माणसं वाऱ्याच्या उलट्या गेटनं बाहेर काढायची, मग बाकीचं. ऐकायला सोपं आहे. पण सायरन दिला की प्लांट बंद, प्लांट बंद झाला की हजारो लिटर दूध खराब, आणि साधी गळती निघाली तर दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभं राहायचं. म्हणून माणूस थांबतो. "एक बार और देख लेते हैं," म्हणतो. तुझी सगळी तालीम त्या 'एक बार और'च्या विरुद्ध होती.

पहिल्या तालमीत तू भूमिका मुद्दाम उलट्या वाटल्यास. कोल्ड रूममध्ये क्रेट उचलणाऱ्या हरिओमला मालक केलंस. त्यानं पेन कानाला लावून फोन घेतला, पाय टेबलावर ठेवले आणि असा बोलला की सगळे लोटपोट झाले.

"अरे कुशवाह! पहले माल देख, माल! आदमी तो कल और आ जाएँगे!"

मीही पोट धरून हसलो. तू हसला नाहीस. वहीत काहीतरी लिहून घेतलंस.

कुशवाह म्हणजे शिफ्ट इन्चार्ज. तिशीतला, हुशार, मशीनचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा. पण आठ माणसांच्या नजरा अंगावर आल्या की त्याचं डोकं बंद पडायचं. मी ते पाहिल्याबरोबर ओळखलं. मी त्याच्या मागे डाव्या बाजूला खुर्ची टाकून बसलो होतो. वेळ मोजायचं काम तू मला दिलं होतंस आणि पूर्ण तालमीचा कागद माझ्या मांडीवर होता. कुशवाहच्या मानेवरून घामाची धार कॉलरमध्ये उतरताना मला दिसत होती. मुख्य ऑफिसातून आलेले दोन साहेब समोर बसले होते. तू कार्ड उलटून थांबला होतास. तुला तो अडकलेला हवा होता.

मला तो प्रधान दिसला, दिगू. चार वाक्यं विसरलेला.

मी पुढे वाकलो आणि म्हणालो, "सायरन."

एकच शब्द. तुझ्यापर्यंत तो पोचला नाही. माझा आवाज ज्याच्यासाठी असतो त्याच्यापर्यंतच पोचतो, हे कसब मी तुझ्याच नाटकांत शिकलो होतो. कुशवाहनं टेबलावर हात आपटला, "सायरन दो!" आणि पुढचं सगळं त्यानं स्वतः केलं. साहेबांनी मान डोलावली. जाताना त्यानं माझा हात दाबला.

दुसऱ्या तालमीत तो अडकला तेव्हा मान किंचित डावीकडे वळवली. मी सांगितलं. तिसऱ्या वेळेस तो अडकण्याची वाटही बघत नव्हता. कार्ड उलटलं की मान डावीकडे. "पीछे का गेट." "मोटर बंद." "फ़ोन मत उठाओ." पाचव्या-सहाव्या तालमीपर्यंत आमची टीम इतकी चटकन ठरवायला लागली की तू खूष झालास. फूलबागेजवळ गाडी थांबवून मला कचोरी खाऊ घातलीस.

"बघितलंस? सहा महिन्यांत माणूस घडला. तूच म्हणायचास ना, निर्दयपणा? अडकू दिलं म्हणूनच घडला."

मी कचोरी खाल्ली. तेव्हा सांगता आलं असतं. तू शिव्या दिल्या असत्यास, चप्पल उगारली असतीस आणि सातवी तालीम माझ्याशिवाय घेतली असतीस. एवढंच झालं असतं. मी सांगितलं नाही, कारण तू फार खूष होतास आणि मला वाटलं, यात नुकसान कोणाचं आहे?

ज्या दिवशी अमोनिया खरंच फुटला, त्या दिवशी मी रजेवर होतो. भाचीचा साखरपुडा होता. दुपारी पंगत बसली होती आणि माझ्या पानात वरणभात वाढलेला होता. फोन आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. सायरन तीन-चार मिनिटं उशिरा वाजला. बाकीचे खोकत, रडत बाहेर पडले. हरिओम कोल्ड रूममधून मागच्या दारानं निघाला, कारण त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, आणि वारा त्याच दाराकडे होता. तो वाचला नाही.

कंट्रोल रूममध्ये दोन ऑपरेटर होते. दोघांनी चौकशीत तेच सांगितलं. वास आला, दिवा लागला, कुशवाह उभा राहिला. मग काही केलं नाही. "सर बाएँ देख रहे थे. खड़े-खड़े बस बाएँ देख रहे थे. उधर कोई था ही नहीं."

तू तिथेच बसला होतास. मीही. तुझ्या कपाळावर आठी पडली ती मी पाहिली. त्या कंट्रोल रूममध्ये डावीकडे ना पॅनेल, ना खिडकी, ना दार. कोरी भिंत. तू लगेच वहीत लिहून घेतलंस.

इंदरगंजच्या ऑफिसात चौकशी कमिटीनं मला बोलावलं. तालमींचा उपयोग झाला का, असं विचारलं. मी जे म्हणालो ते अहवालात छापलं आहे, तू वाचलंस. "तालमी चांगल्या व्हायच्या. पण शेवटी ते नाटक. नाटकात सगळेच शूर असतात."

अहवाल वाचून तू मला घरी बोलावलंस. मला वाटलं, आता तू ओरडशील. मला तर ते हवंच होतं. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास.

"बरं केलंस. मित्र म्हणून खोटं बोलला नाहीस."

यापुढे एक वाक्य मी तीन वेळा लिहून खोडलं. जाऊ दे.

मग दुसऱ्या दोन कारखान्यांनी तुझ्या तालमी बंद केल्या. त्यांनी बंद केल्या हे निमित्त, तू स्वतःच थांबलास. तिसऱ्यानं बोलावलं तेव्हा तू गेला नाहीस. "माझं औषध खोटं निघालं," म्हणालास. "खोटं औषध वाटत फिरलो मी." गणपतीतही नाटक घेतलं नाहीस. पोरं विनवायला आली, तू त्यांना चहा देऊन वाटेला लावलंस. मंडळात लोक म्हणाले, दिगंबर खचला. काहींनी असंही म्हटलं की नाटकवाल्यानं नाटकापुरतं राहावं, माणसांच्या जिवाशी खेळू नये. मी त्याच सतरंजीवर बसलो होतो.

तुझं आजारपण माझ्यामुळे आलं असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी जे सांगितलं ते सांगितलं. पण तू ज्या मनानं गेलास ते मन माझं काम आहे. मी रोज संध्याकाळी यायचो. तू रोज विचारायचास असं नाही. कधी आठवडाभर विषय निघायचा नाही आणि मला वाटायचं, विसरला. मग चहाचा कप हातात घेऊन मधेच, "माणूस संकटात दाराकडे बघतो, अंत्या. फोनकडे बघतो. भिंतीकडे कोण बघतं?" मी म्हणायचो, घाबरला असेल. तू मान हलवायचास. "घाबरलेला माणूस वाट बघितल्यासारखा उभा राहत नाही." इतक्या जवळ आला होतास तू. एक पाऊल राहिलं होतं आणि त्या पावलावर मी बसून होतो.

तुझा तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कुशवाहकडे गेलो. नोकरी गेल्यापासून थाटीपुरात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. मला बघून उठला, स्टूल पुसून दिलं.

"कुशवाह, उस दिन बाएँ क्यों देख रहे थे?"

तो हातातल्या मोटारीकडे बघत राहिला. "आपको नहीं मालूम, सर?"

"मालूम है. तुम्हारे मुँह से सुनना है."

"आपकी आवाज़ का इंतज़ार था. पता था आप छुट्टी पर हैं. फिर भी गर्दन अपने आप घूम गई." त्यानं पाना खाली ठेवला. "सोचा, अभी बोलेंगे."

"कमेटी में क्यों नहीं बताया?"

"क्या बताते? कि हमें कुछ आता नहीं था, सर पीछे से बोल देते थे? और आपने बुरा थोड़ी चाहा था. आपका नाम कैसे ले देते?" मग म्हणाला, "दिगंबर साहब आए थे एक बार. यहीं, इसी स्टूल पर बैठे थे. यही पूछा. हमने कह दिया, याद नहीं."

"क्या बोले?"

"बहुत देर बैठे रहे. जाते-जाते बोले, गलती मेरी है बेटा, मैंने ठीक से सिखाया नहीं."

तू तिथे गेला होतास हे तू मला सांगितलं नव्हतंस.

तिथून मी सरळ तुझ्या घरी आलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. त्या गहू निवडत होत्या. ताट बाजूला सारलं नाही, निवडत राहिल्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, "भावजी, दीड वर्ष रोज येत होतात तुम्ही."

"हो."

"रोज चहा घेत होतात."

"घेत होतो."

"हे त्यांना सांगायचं होतं. मला सांगून काय उपयोग? मी काय करू याचं आता?"

मी म्हणालो, "तुम्ही सांगाल ते करतो."

"मला नका विचारू काय करू म्हणून. इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगत आलात ना काय करायचं? आता स्वतःचं ठरवा."

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता बाहेर येणार नाहीत. मी चपला घालत होतो, तेवढ्यात तुझी हिरवी पेटी घेऊन आल्या. पाकिटं, कार्डं आणि ती वही. "शेवटी शेवटी यातच असायचे," म्हणाल्या. "मी उघडली नाही. तुम्ही बघा, तुमचं त्यात काय आहे ते."

वहीत तू कंट्रोल रूम काढली होतीस. पानापानांवर तीच, माप घेऊन काढलेली. पॅनेल, दार, फोन, ऑपरेटरांच्या खुर्च्या, मधे कुशवाह, त्याच्यापासून डावीकडे एक बाण आणि बाणापुढे प्रश्नचिन्ह. मग शेवटच्या पानावर तालमीचं टेबल. म्हणजे तू तिथपर्यंतही आला होतास. आठ खुर्च्या, आठ नावं. हरिओमच्या नावाभोवती पेन्सिल इतकी फिरली होती की कागद फाटायला आला होता. कुशवाहच्या डावीकडे मागे जागा कोरी होती. तू मला काढलंच नव्हतंस. तुझ्या हिशेबात मी खेळात नव्हतोच. प्रॉम्प्टरला कोण मोजतं?

वहिनी माझ्या खांद्यावरून बघत होत्या. मी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे बसत होतात?"

"हो."

"कोणी बसवलं होतं?"

"त्यानंच."

त्यांनी पेटीतली पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. "मग काढा. अर्धवट नका ठेवू त्यांचं."

मी नववी खुर्ची काढली. रेघा वाकड्या आल्या, ती मोडकी दिसते आहे. खाली माझं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी कमिटीला सगळं लेखी दिलं, त्याचं जे व्हायचं ते होवो. हरिओमच्या घरी मी अजून गेलेलो नाही. ही स्मरणिका छापून येण्याआधी जायचं आहे, कारण त्याच्या बायकोला हे दुसऱ्या कोणाकडून कळता कामा नये. तिच्या दारात काय बोलायचं, ते मला कोणी सांगणार नाही. तुझ्या सुवर्णवर्षातल्या नायकासारखा मी तिथे उभा राहणार आहे, आणि टाळ्या पडणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.

मंडळातल्या ज्यांनी तुला नावं ठेवली, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. त्यांनी ते वाचावं. तुझं औषध खोटं नव्हतं, दिगू. आमच्या प्लांटमध्ये ते कोणी घेतलंच नाही. मी ते प्रत्येक वेळी रोग्याच्या तोंडाशी नेऊन बाजूला ओतत होतो, आणि तू रिकामा पेला बघून खूष होत होतास.

आणि तू विचारत होतास त्याचं उत्तर. उशीर झाला, तरी देतो.

तो माझ्याकडे बघत होता.